पाणपोईचा पहिला पेला

मंगळवार, ७ ऑगस्ट १८६६

टॅनर्स यार्डात, चामडं कमावणाऱ्यांच्या वस्तीत, दोघं गेली. एक म्हातारा विणकर, एक बाळंतीण. डॉक्टर रॅन्सम चहाला आले आणि कपाला हात न लावता नुसतेच बसून राहिले. मग म्हणाले, "कॉलराच आहे, मिसेस थॅकवेल. दुसरं नाव शोधत बसू नका."

मला कशाला सांगायला हवं! एकोणपन्नास साली पटकी आमच्या घरात येऊन गेलीय. माझा भाऊ एडविन सकाळी शिट्टी वाजवत जिना उतरला आणि दुपारी त्याची बोटं निळी पडली होती. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. पाणी, पाणी, नुसतं पाणी मागत होता.

आमचे हे, जेबेझ, म्हणाले, "हवा घाण आहे तिथली. चामड्याच्या त्या कुंड्या! आजच चुना टाकायला माणसं लावतो." आणि लावलीच. डांबराची पिंपं मागवली, चादरी मागवल्या, इस्पितळात आणखी खाटा टाकायला सांगितल्या. यांचं असंच आहे. समोर कुणी रडायला लागलं की हे रुमाल काढत नाहीत, गवंड्याला बोलावतात. इस्पितळ असंच उभं राहिलं, शाळा अशीच, म्हाताऱ्या विणकरांची घरंही अशीच. कधी कधी नवरा म्हणून जीव नकोसा करतात, पण माणूस सोन्यासारखा. आमच्या स्केल्डरबी गावात कुणालाही विचारा. उगाच का लोकांनी तीनदा पार्लमेंटात पाठवलंय!

डॉक्टर गेल्यावर मी हात धुतले. मग पुन्हा धुतले. मेलं स्वतःचंच हसू आलं, पण हसता येईना.

बुधवार, ८ ऑगस्ट

भीती वाटते. दुसरं काही लिहायला सुचत नाही.

शुक्रवार, १० ऑगस्ट

आज अभ्यासिकेत आरडाओरडा झाला. दार उघडं होतं आणि मी बाहेरच भरतकाम घेऊन बसले होते. मुद्दामच बसले होते, खोटं कशाला बोलू!

डॉक्टर म्हणत होते, "बंद करा ती पाणपोई."

ही पाणपोई म्हणजे जेबेझचा जीव की प्राण. यंदा मे महिन्यात, व्हिट्सनच्या सणाला उघडली. बाजारचौकात मधोमध, पांढरा संगमरवर, वर पंख पसरलेला देवदूत, साखळीला बांधलेले पेले. पाणी चर्चमागच्या जुन्या विहिरीतून नळाने आणलंय. गावात त्या पाण्याची कीर्ती आधीपासूनचीच. चॅपलमध्ये गिरणीतल्या अर्ध्याअधिक माणसांनी बिअर सोडायची शपथ घेतली, कार्डावर सह्या केल्या, काहींनी तर ती कार्डं चौकटीत घालून चुलीवर टांगली. गाव त्यांना 'शपथवाले' म्हणतं. पगाराच्या दिवशी ही माणसं गुत्त्याऐवजी पाणपोईवर उभी राहतात आणि सरळ घरी जातात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

"आजारी पडलेत ते बहुतेक शपथवाले आहेत," डॉक्टर म्हणाले. "गॅथर्कोलच्या बिअरच्या कारखान्यातला एकही माणूस पडलेला नाही. ते पाणी पितच नाहीत. दिवसभर बिअर ढोसतात."

"म्हणजे मी पार्लमेंटात उभं राहून सांगू की देवाने दारुडे वाचवले आणि शुद्धीवरचे मारले?"

"देवाचं मला ठाऊक नाही, मिस्टर थॅकवेल. विहीर कब्रस्तानाच्या उतारावर आहे, एवढं ठाऊक आहे."

"काचेसारखं पाणी आहे ते!"

"काचेसारखंच दिसतं. निदान उकळून प्या म्हणून तरी सांगा लोकांना."

"पाणपोईचं पाणी उकळून? चौकात चूल मांडू का, डॉक्टर?"

डॉक्टर तिशीचे, लंडनहून शिकून आलेले. जेबेझ त्यांना पोरटं म्हणतात. गरिबांना स्वच्छ पाणी मिळावं म्हणून पार्लमेंटात सात वर्षं घसा कोरडा करणाऱ्या माणसाला असं तोंडावर सांगायचं म्हणजे काय! मलाही राग आला डॉक्टरांचा. मग जिना चढताना कळलं की तो राग नव्हता, भीती होती.

आपल्या घरचा पंप वेगळा आहे, तरी आजपासून सगळं पाणी उकळून घ्यायचं ठरवलं. टॅमर म्हणते, "पाण्याचं सूप करायचंय का बाईसाहेब? मीठ किती घालू?" टॅमर माझी मोलकरीण. फ्रॉकातली पोर होती तेव्हापासून या घरात आहे. जीभ अशी की मिस्टर थॅकवेलांनाही ऐकवते, आणि ते ऐकून घेतात! तिची आई केझाया टॅनर्स यार्डातच धुणी धुते.

"तुझी आई पाणी कुठलं पिते गं?" मी विचारलं.

"आता काय, पाणपोईचं! आधीच्या डबक्यातलं प्यायला आता कोण मरायला जातंय?"

रविवार, १२ ऑगस्ट

आणखी चार. चॅपलमध्ये बाकं रिकामी.

पाणपोईवरही कुणी नाही. डॉक्टर यार्डात घरोघर सांगत फिरले, त्यामुळे लोक बिचकलेत. वूलपॅक गुत्त्याच्या मालकाने दारावर खडूने पाटी लिहिलीय — "आत या. इथे कुणी मरत नाही." जेबेझनी ती येताना वाचली. आत गर्दी होती. शपथवाले होते त्यात. एकाने आम्हाला बघून टोपीही काढली, बिचारा!

प्रार्थना संपल्यावर जेबेझ चॅपलच्या पायऱ्यांवर उभे राहिले. येत्या शनिवारी चौकात शपथवाल्यांचा चहा आहे, दरवर्षी असतो. तिथे ते सगळ्या गावासमोर पाणपोईचं पाणी पिणार. "पहिला पेला माझा!" ते म्हणाले. "मी जे दिलं ते मी पिईन!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायका रडल्या.



मंगळवार, १४ ऑगस्ट

त्यांच्या पाया पडायची बाकी राहिले. म्हटलं, पंधरा दिवस बंद ठेवा. नळ दुरुस्तीला काढलाय म्हणा. कुणाला काय कळणार?

"मी खोटं बोलू, हेस्टर?"

"मग आजारी पडा. मी सांगते डोकं दुखतंय म्हणून."

तेव्हा ते माझ्याजवळ येऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "माझ्या आईचा हात दोनदा मोडला. बिअरने मोडला, पाण्याने नाही. मी कच खाल्ली तर ही माणसं पुन्हा गुत्त्यात जातील, आणि घरी येऊन काय करतात ते मला ठाऊक आहे. डॉक्टरच्या एका तर्कापायी मी हे घालवू?"

सासूबाईंचा तो वाकडा हात मी पाहिलाय. चमचा धरताना थरथरायचा.

पण मग विचारलंच. "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"देवाच्या कामात कसली भीती!" ते म्हणाले आणि पत्रं लिहायला गेले.

मला वाटते. दोघांची मिळून मला एकटीलाच वाटते.

गुरुवार, १६ ऑगस्ट

झोप नाही, जेवण नाही. टॅमर म्हणाली, "बाईसाहेब, तुम्ही अशा फिरलात तर पटकीच तुम्हाला भिऊन पळेल."

एक सुचलंय. चालीप्रमाणे पहिला पेला दात्याची बायको भरून देते. व्हिट्सनला मीच दिला होता. चांदीची सुरई नळाखाली धरायची, तिच्यातून पेल्यात ओतायचं, पेला त्यांच्या हातात द्यायचा. सुरई माझ्याच हातात असणार.

पुढचं लिहीत नाही.

शनिवार, १८ ऑगस्ट

झालं. देवा, हे काय होऊन बसलं!

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी शिवणाच्या खोलीत स्पिरिटच्या दिव्यावर मी स्वतः पाणी उकळलं. घरच्या पंपाचं. टॅमरलाही कळू दिलं नाही. निवायला ठेवलं, पण गाडी दारात आली तेव्हा ते पुरतं निवलं नव्हतं. तसंच सुरईत भरलं, वर भरतकामाचं झाकण घातलं. गाडीत सुरई मांडीवर धरून बसले. जेबेझ म्हणाले, "अगं, रिकामी सुरई किती जपतेस!" मी हसले. मला हसता आलं, याचंच आश्चर्य वाटतं.

चौक भरून गेला होता. लांब टेबलं, बनपाव, चहाची भांडी, बँडवाले, पांढऱ्या फ्रॉकातल्या शाळेच्या मुली. वूलपॅकच्या दारात गुत्त्याचा मालक हाताची घडी घालून उभा. "थॅकवेलसाहेब, शेवटची इच्छा काय?" असं ओरडला मेला, आणि त्याच्या बाजूची माणसं हसली. आमच्या बाजूचं कुणीही हसलं नाही.

मी नळाकडे गेले. लोकांकडे पाठ, घेराचा झगा, वर शाल. झाकण किंचित सरकवलं, नळ सोडला. पाणी सुरईच्या बाहेरून दगडावर पडत राहिलं. कुणाला दिसलं नाही. वळले, पेला भरला, त्यांच्या हातात दिला.

ते प्यायले. डोळे मिटून, एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत. पेला उलटा करून दाखवला. मग जो काही जल्लोष झाला! बँडवाले वेगवेगळी गाणी वाजवू लागले, टोप्या उडाल्या. जेबेझ माझ्याकडे बघून हसले. इतकं सुंदर हसू मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. मी देवाचे आभार मानले. मनात म्हटलं, वाचवला गं बाई, वाचवला नवरा!

आणि मग सगळे नळाकडे धावले.

हे मला आधी कसं सुचलं नाही? पहिला पेला असतो कशासाठी? मागचे पेले भरावेत म्हणूनच ना! मी एकाच घशाचा विचार केला. रांग लागली, साखळ्या खळखळत राहिल्या. बाप्ये प्यायले, बायका प्यायल्या, पांढऱ्या फ्रॉकातल्या मुली एकेकीला उचलून पेला देत प्यायल्या. टॅमर प्यायली. मी तिला हाक मारली. मारली, मी खरंच मारली, पण बँडमध्ये कुणाला ऐकू गेलं असेल! ती पेला उंचावून गुत्त्याच्या मालकाला म्हणाली, "बघ रे पिंपा, मेले का?"

मी ओरडायला हवं होतं. तिथेच, त्याच वेळी. तोंड उघडलंही होतं. जेबेझचा हात माझ्या दंडावर होता आणि सगळं गाव त्यांचं नाव घेत होतं.

रविवार, १९ ऑगस्ट

कुणाला काही झालेलं नाही. डॉक्टर चुकलेही असतील. हवाच असेल. हवाच असू दे. हवाच असू दे. हवाच असू दे.

सोमवार, २० ऑगस्ट

जेबेझ ठणठणीत. सकाळी दोन अंडी, मेंढीचे गुर्दे, वर मुरंब्याचा पाव. जो येतो तो त्यांच्याकडे टक लावून बघतो, जणू जत्रेतला बैलच! वर्तमानपत्रात आलंय — 'निर्भय लोकसेवक'. गॅथर्कोलचे कामगारसुद्धा पाणपोईवर जाऊन बघून आले म्हणे.

डॉक्टर रॅन्सम आरोग्य मंडळापुढे गेले होते. मंडळातले लोक म्हणाले, थॅकवेल प्यायले, त्यांना काय झालं? विषय संपला. डॉक्टर मला रस्त्यात भेटले. टोपी काढून म्हणाले, "मला उत्तर देता येत नाही, मिसेस थॅकवेल. तेच पाणी, तोच नळ, आणि त्यांना काही नाही. मी पुन्हा सगळं तपासतो." किती दमलेले दिसत होते! उत्तर त्यांच्यासमोर छत्री घेऊन उभं होतं.

मी म्हटलं, "तब्येतीला जपा." आणि निघाले. धावतच निघाले.

मंगळवार, २१ ऑगस्ट

कालपासून अकरा. त्यात दोन शाळेच्या मुली.

दुपारी टॅमर जिन्यावर बसली. म्हणाली, "जरा पोटात ढवळतंय." मी तिला माझ्याच पलंगावर झोपवलं. डॉक्टर आले. मी सगळं केलं. एडविनच्या वेळी जे जे केलं होतं ते सगळं केलं, आणि त्याचा तेव्हा काही उपयोग झाला नव्हता.

ती मलाच धीर देत होती. "तोंड असं काय करताय? मालकांना झालं का काही? मग मलाही होणार नाही. एकाच नळाचं प्यायलोय आम्ही."

सांगावंसं वाटलं. पण मग तिच्याजवळ आशेला काय उरलं असतं?

बुधवार, २२ ऑगस्ट

टॅमर गेली. सकाळी, ऊन खिडकीवर आलं तेव्हा.

केझाया आली. आल्याबरोबर रडली नाही, बाह्या सरसावल्या. पोरीला स्वतः न्हाऊ घालते म्हणाली. बरोबर मातीची बरणी होती, पाण्याने भरलेली. आधी स्वतः तोंडाला लावली. उन्हातून चालत आली होती बिचारी.

मी ती हिसकावून घेतली. निम्मं पाणी गालिच्यावर सांडलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मालकांच्या पाणपोईचं आहे, बाईसाहेब," ती म्हणाली. "शुद्ध पाणी. तिला शेवटचं शुद्ध पाणी मिळावं म्हणून आणलं."

मी बरणी खिडकीबाहेर ओतली. काय सांगितलं तिला ते आठवत नाही. उकळलेलं पाणी दिलं तिला. पण घरी गेल्यावर ती काय पिणार? तिचे शेजारी काय पिणार? सकाळपासून चौकात रांग आहे. घरात आजारी आहेत म्हणून लोक जास्तच नेताहेत. बादल्या भरभरून!

आता बस झालं. जेबेझना सांगायचं. आज ते दिवसभर यार्डात आहेत. घरोघर जातात, आजाऱ्यांचे हात हातात घेतात, शवपेट्या स्वतःच्या पैशाने करून देतात. अशा माणसाला हे सांगायचं! ते पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत. बघू नयेच. माझ्या बहिणीकडे पाठवतील, नाहीतर याच घरात माझ्याशी न बोलता जन्म काढतील. विरोधक हसतील, गुत्त्याचा मालक पाटी लिहील, यांची खुर्ची जाईल, नाव जाईल. थॅकवेलच्या बायकोने गावाला फसवलं असं लोक म्हणतील, आणि ते खरंच आहे.

पण एक नक्की ठाऊक आहे. ज्या क्षणी त्यांना कळेल त्या क्षणी ते कोटही न घालता चौकात जातील आणि हातोड्याने तो नळ स्वतः मोडतील. बावीस वर्षं संसार केलाय मी त्यांच्याबरोबर. त्यांना कुणाचाही जीव आपल्या नावाहून स्वस्त वाटायचा नाही. एवढ्याच भरवशावर उद्या तोंड उघडणार आहे. न्याहारीला सांगते.

देवा, तेवढा वेळ कुणी पिऊ नये.

गुरुवार, २३ ऑगस्ट

सांगितलं. एका दमात, सगळं. स्पिरिटचा दिवा, सुरई, दगडावर सांडलेलं पाणी.

त्यांनी पावाला लोणी लावणं थांबवलं नाही. "ठाऊक आहे," म्हणाले. "त्या नळाच्या पाण्याने दात शिवशिवतात, हेस्टर. ते कोमट होतं. पहिल्या घोटालाच कळलं."

मी म्हटलं, "मग तुम्ही —"

"मी देवाचे आभार मानले. आणि तुझे." आणि माझा हात धरायला हात पुढे केला.

आज बाजाराचा दिवस आहे. चौकात सगळं गाव असेल. टोपी चढवलीय, गाडी सांगितलेली नाही. ते खालून हाका मारताहेत. मी मागच्या दाराने चालले — सांगायला.